पिकअप नसलेली गाडी

जितेंद्रने गाडी घेतली तेव्हाच तिला पिकअप नाही हे त्याला ठाऊक होतं. धुळ्याबाहेर पारोळ्याच्या रस्त्यावर चालवून पाहिली, तेव्हा पुलाच्या चढावर ती अशी कण्हली की शेजारी बसलेल्या सेल्समनने गुपचूप एसी बंद केला. तरी त्याने तीच घेतली. लहान इंजिन, सीएनजी, सहा एअरबॅग. धुळ्यातच, देवपुरातल्या एका शाळेत तो भूगोल शिकवायचा. घर ते शाळा, महिन्यातून एकदा सासुरवाडी, वर्षातून दोनदा नाशिकला शिकणाऱ्या मुलाकडे. एवढ्यासाठी गाडीने उड्या मारायची गरज काय, असं त्याचं म्हणणं.

"शंभरावर जायला तिला वेळ लागतो म्हणतात," तो स्टाफरूममध्ये सांगायचा. "पण मी शंभरावर जातो कधी? गावात वीसच्या पुढे जाता येत नाही. बाहेर पडलं की पुढे ट्रॅक्टर. मग त्या ताकदीचं मी करायचं काय? लोणचं?"

त्याची बायको पुनम हे ऐकून हसायची. तिलाही ते पटत होतं, निदान धुळ्यात असेपर्यंत. माहेरी गेलं की मात्र तिचा भाऊ स्वप्नील असायचा, आणि स्वप्नीलची गाडी असायची.

माहेर भडगावपासून आत, गिरणेच्या काठाला. वडील रुपचंद, त्यांना सगळे आबा म्हणायचे, आणि आई सुंदरबाई, दोघंच तिथे राहायची. शेत बरं होतं, पाणी होतं. स्वप्नील जळगावला राहून ठिबकच्या नळ्यांची एजन्सी चालवायचा. त्याच्याकडे काळी, उंच डिझेल गाडी होती. ती अंगणात शिरली की कोंबड्या भिंतीवर चढायच्या. तिच्याशेजारी जितेंद्रची गाडी उभी राहिली की ती तिचं पिल्लू वाटायची.

"भाऊजी," स्वप्नील म्हणायचा, "हिला पुढून दोन बैल जोडा. ॲव्हरेज आणखी वाढेल."

जितेंद्र हसायचा. मनाला लावून घ्यायचा त्याचा स्वभाव नव्हता, किंवा नाही असं त्याला वाटायचं. आबांचं मत निराळं होतं. भडगावच्या बाजाराला जायचं असलं आणि दोन्ही गाड्या दारात असल्या तर ते काठी टेकत जितेंद्रच्या गाडीकडे यायचे.

"हाई गाडी बरी शे," ते पुढच्या सीटवर मांडी घालायचा प्रयत्न करत म्हणायचे. "मना जीव घाबरस नही."

मागच्या उन्हाळ्यात एरंडोलला एक लग्न होतं. दोन्ही गाड्या गावाहून बरोबरच निघाल्या. कासोद्याच्या अलीकडेच काळी गाडी दिसेनाशी झाली. जितेंद्र आणि पुनम पोचले तेव्हा स्वप्नील मंडपाच्या दारात चार पाहुण्यांत उभा होता. "या भाऊजी," तो मोठ्याने म्हणाला, "एक पंगत उठली, दुसरीला वेळेवर आलात." लोक हसले. पुनमही हसली. परतताना तिने विचारलं, "तुम्ही जरा दाबत का नाही हो?"

"दाबतो," जितेंद्र म्हणाला. "ती दबते. पळत नाही."

तेव्हा ते दोघंही हसले होते.

आबांचं दुखणं फेब्रुवारीत उपटलं. शाळेला जोडून सुट्ट्या आल्या म्हणून जितेंद्र आणि पुनम गावी गेले होते. दादर ज्वारी हुरड्यावर आली होती. सकाळी आबा शेतावरून लवकर परतले आणि ओट्यावर बसले. थंडी होती तरी त्यांच्या बंडीची पाठ ओली झाली होती. डावा हात ते उजव्या हाताने दाबत होते.

"काय होतंय?" पुनमने विचारलं.

"माले काही व्हयेल नही. गॅस शे नुसता."

सुंदरबाईने ओवा आणला. जितेंद्रने आबांचा चेहरा पाहिला आणि ओवा खाऊ दिला नाही. त्याने त्यांना उठवून गाडीत बसवलं आणि भडगावला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. पुनम बरोबर होती. सुंदरबाईला शेजाऱ्यांनी घरीच थांबवून घेतलं. डॉक्टरांनी कागदाची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली, जिभेखाली गोळी ठेवली, एक इंजेक्शन दिलं आणि जितेंद्रला बाहेर बोलावलं.

"मोठा झटका आहे. इथे काही होणार नाही. जळगावला न्या. कशातही न्या, पण आत्ता न्या."

रुग्णवाहिकेला फोन लागला. गाडी चाळीसगावकडे गेली आहे, वेळ लागेल, असं उत्तर आलं. जितेंद्रने खिशातून किल्ली काढली. तेवढ्यात पुनमने भावाला फोन लावला होता.

"तो निघालाय," फोन कानाला ठेवूनच ती म्हणाली. "पाचोरा सोडलंय म्हणतो. पंधरा मिनिटांत येतो. म्हणतो, आबांना भाऊजींच्या गाडीत नेऊ नका."

"आपण निघू," जितेंद्र म्हणाला. "पाचोऱ्याच्या बाजूनेच निघू, तोही जळगावचाच रस्ता. तो वाटेत भेटेल तिथे आबांना त्याच्या गाडीत घेऊ."

पुनमने ते भावाला सांगितलं. पलीकडून काहीतरी भराभर उत्तर आलं. "नको म्हणतो. पाचोऱ्यात आज बाजार आहे, रस्ता तुंबलाय. एरंडोलवरूनच न्यायचं. तुम्ही तिथेच थांबा, मी आलोच, म्हणतो."

"पुनम, डॉक्टर आत्ता म्हणाले."

"अहो, पंधरा मिनिटं उशिरा निघालो तरी त्याच्या गाडीत आपण आधी पोचू." ती रडत नव्हती. तिचा आवाज हिशेब मांडल्यासारखा कोरडा होता. "तुमच्या गाडीत तिघं बसले की ती चढ चढत नाही. एखाद्या ट्रकमागे अडकलो तर? तुमच्या गाडीला पिकअप आहे का? सांगा ना. आहे का?"

पुढे कितीतरी दिवस जितेंद्र हा क्षण आठवत राहिला. 'नाही, पण चाकं आहेत,' एवढं म्हणून त्याने आबांना उचलायला हवं होतं. पण तिच्या बापाचा जीव होता. आणि ती जे म्हणाली ते तो स्वतःच चारचौघांत विनोदाने सांगत आला होता. त्याने किल्ली मुठीत धरली आणि तो दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला.

पंधरा मिनिटं झाली. पुनमने पुन्हा फोन केला. "आलोच." आणखी काही वेळ गेला. "अगं, आलोच, बाजारातून काढतोय गाडी." जितेंद्र रस्त्यावर जाऊन पाहून आला. पाचोऱ्याच्या बाजूने ऊस, बस, मोटरसायकली, सगळं येत होतं. काळी गाडी येत नव्हती. डॉक्टर दुसरा पेशंट सोडून बाहेर आले आणि म्हणाले, "अजून इथेच?" त्यांच्या आवाजाने आबांनी डोळे उघडले.

"आते निघा," ते म्हणाले. "कोनी वाट नका देखा."

तेव्हा कुठे ते निघाले. निघायला हवं होतं त्यानंतर पाऊण तासाने.

जितेंद्रने गाडी पेट्रोलवर घेतली आणि एसी बंद केला. आबा मागे आडवे, डोकं पुनमच्या मांडीवर. कासोद्यापर्यंत रस्ता दोन पदरी. तो आयुष्यात कधी चालवला नव्हता इतका चांगला चालवत होता. गाडी खालच्या गिअरवर आणून, किंचाळू देऊन त्याने एक टेम्पो मागे टाकला, मग उसाची ट्रॉली, मग एक बस. कासोद्याच्या पुढे एका वळणावर कपाशीच्या गाठींचा ट्रक आडवा आला. समोरून काय येतंय ते दिसत नव्हतं.

"घ्या ना पुढे," मागून पुनम म्हणाली. "घ्या ना. घ्या ना हो."

त्याने घेतली नाही. समोरून एक बस घासून गेली. वळण संपल्यावर त्याने ट्रक मागे टाकला. दोन मिनिटं गेली असतील, फार तर तीन. एरंडोलनंतर हायवे लागला, रस्ता रुंद झाला आणि तिथे गाडी जशी कुठलीही गाडी धावते तशी धावली. जळगावचा उड्डाणपूल दिसायला लागला तेव्हा पुनम म्हणाली, "आबा बोलत नाहीयेत."

हॉस्पिटलमध्ये त्यांना स्ट्रेचरवर आत नेलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आले. "उशीर झाला," ते म्हणाले. "अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

तेवढ्यात स्वप्नील धावत आला. भडगावला दवाखाना रिकामा पाहून तो मागोमाग आला होता. त्याने डॉक्टरांचं वाक्य ऐकलं, भिंतीला डोकं टेकवलं आणि ओरडला, "मी सांगत होतो. सांगत होतो ना मी, त्या गाडीत नेऊ नका."

पुनमने जितेंद्रकडे पाहिलं नाही.

दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. ओट्यावर सतरंजी टाकलेली, भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येक नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. सांगण्याचं काम स्वप्नील करत होता. सांगता सांगता गोष्टीला घाट येत गेला. पहिल्या दिवशी तो म्हणत होता, "उशीर झाला." तिसऱ्या दिवसापासून तो कासोद्याच्या वळणावरच्या ट्रकबद्दल सांगू लागला. ट्रकची गोष्ट त्याला पुनमने सांगितली असणार, दुसरं कोण सांगणार. "गाडीला पिकअपच नाही हो. ट्रकमागे नुसती रांगत होती. भाऊजींचा दोष नाही. माणूस काय करेल? गाडीच तशी." दवाखान्याच्या पायरीवरचा पाऊण तास त्या गोष्टीत कुठेच नव्हता.

पाहुणे च्यक् च्यक् करत अंगणात उभ्या असलेल्या छोट्या गाडीकडे बघायचे. मग जितेंद्रकडे.

सुंदरबाई आत भिंतीला टेकून बसलेली असायची. बायकांना ती एकच वाक्य सांगायची. ते वाक्य ओट्यापर्यंत ऐकू यायचं. "गाडी पयती ते पुनमना बाप वाचता."

पुनम बोलेल असं जितेंद्रला वाटत होतं. त्याने बोलायचं म्हणजे बायकोचं नाव घ्यायचं, आणि ते बाप गेलेल्या बाईचं, तिच्याच माहेरच्या ओट्यावर. तिने स्वतः सांगावं, 'आम्ही थांबलो होतो,' एवढंच. पुनम चहा आणायची, कप उचलायची आणि आत जायची.

नवव्या दिवशी जामनेरचे मोतीलालशेठ आले. त्यांच्या केळीच्या बागेला स्वप्नीलने ठिबक बसवून दिलं होतं. साधा, बडबड्या माणूस. टोपी काढून ते सतरंजीवर बसले आणि जितेंद्रचाच हात हातात घेऊन बोलू लागले. स्वप्नील तेव्हा दारात कुणाला तरी निरोप देत होता.

"काय सांगू, पाव्हणं. त्या दिवशी फोन आला तेव्हा स्वप्नीलभाऊ माझ्याच घरी होते, जामनेरला. नुकतीच ताटं वाढलेली. भरीत आणि कळण्याची भाकरी. मी म्हटलं, भाऊ, ताट राहू द्या, आधी निघा. ते म्हणाले, शेठ, माझी गाडी आहे, बघता बघता भडगाव गाठतो. दोन घास खाल्ले आणि निघाले बिचारे. अन्नाचा अपमान नाही केला माणसाने, अशाही वेळी."

ओट्यावरच्या कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. जामनेर पाचोऱ्याच्याही पलीकडे, भडगावहून तासाभरापेक्षा लांब, पण त्यांच्या दृष्टीने जामनेर काय नि पाचोरा काय, ते एक नाव होतं. 'पाचोरा सोडलंय' हे फोनवरचं बोलणं जितेंद्र आणि पुनमलाच माहीत होतं. जितेंद्रने मान वर केली. पुनम चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांनी नको म्हटलं.

स्वप्नील पाठमोरा उभा होता. त्याची मान लाल झाली होती. बराच वेळ तो वळला नाही.

धुळ्याला परतताना पारोळा आलं. मग पुनम म्हणाली, "आईसमोर काही काढू नका."

"मी काय काढणार?"

"ती आता त्याच्या भरवशावर आहे. हे कळलं तर ती त्याच्या हातचं पाणी पिणार नाही."

"आणि माझ्याबद्दल ती जे म्हणते ते?"

"तुमच्याबद्दल कुठे म्हणते? गाडीबद्दल म्हणते. सगळे गाडीबद्दलच म्हणतात. गाडीला काय कळतं?"

"गाडी मी चालवत होतो, पुनम."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्याला वाटलं, बाप गेलाय, जाऊ दे. थोडे दिवस जातील, मग ती स्वतःच म्हणेल.

थोडे दिवस गेले. मार्चअखेर धुळ्यातच एका नातेवाइकाकडे साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर जितेंद्र पुनमला शोधत बायकांच्या बाजूला गेला. ती पाठमोरी बसली होती. जामनेरकडची एक लांबची मावशी तिला आबांचं विचारत होती.

"काय करणार," पुनम म्हणत होती. "आमची गाडी जरा हळू आहे ना. पिकअप नाही तिला. ट्रकमागे अडकलो आणि..."

ते तिने भावासारखं घोळवून सांगितलं नाही. अगदी साधेपणाने सांगितलं, पाऊस पडला म्हणून छत्री घेतली असं सांगावं तसं. जितेंद्रच्या लक्षात आलं की ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आत आता तसंच घडलेलं होतं.

घरी आल्यावर त्याने बूट काढले आणि खुर्चीत बसला. पुनम कपाटासमोर बांगड्या काढत होती.

"आपण दवाखान्याच्या दारात पाऊण तास उभे होतो," तो म्हणाला. "गाडी उभी होती. उभ्या गाडीला पिकअप लागत नाही."

तिचे हात थांबले.

"ट्रकमागे आपली दोन मिनिटं गेली. स्वप्नीलची गाडी असती तर ती दोन मिनिटं वाचली असती, मान्य. वरचा पाऊण तास आपण त्याच्या गाडीची वाट बघण्यात घालवला. तो जामनेरला भाकरी खात होता, आणि आपण पायरीवर उभे होतो, कारण माझी गाडी हळू आहे. मी चल म्हणत होतो."

"म्हणजे मी मारलं आबांना?"

आता 'नाही' म्हणायचं, हे जितेंद्रला कळत होतं. कुठल्याही नवऱ्याला कळलं असतं. शब्द तोंडात होता. पण ओट्यावरचे दहा दिवस, ते च्यक् च्यक्, भिंतीपलीकडून येणारं ते एकच वाक्य, सगळं आठवलं आणि त्याने तो शब्द उच्चारला नाही. ती वाट बघत होती. मग तिने उरलेल्या बांगड्या काढल्या, डब्यात ठेवल्या आणि दिवा घालवला.

त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. भांडण असं झालंच नाही. स्वयंपाक व्हायचा, डबा मिळायचा, मुलाचा फोन आला की दोघं आळीपाळीने बोलायचे. फक्त कुठे जायचं झालं की ती म्हणायची, "मी रिक्षाने जाते." आईला भेटायला ती एसटीने जायची, धुळ्याहून पारोळा, तिथून दुसरी बस भडगावला, पुढे गावापर्यंत मिळेल त्या वाहनाने. बस त्यांच्या गाडीपेक्षा कितीतरी हळू होती, आणि वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर थांबायची. जितेंद्र तिला स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडायचा. ती पिशवी घेऊन बसमध्ये चढायची. खिडकीत बसली तर हात करायची, कारण आजूबाजूला लोक असायचे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. आबांनंतरची पहिली आखाजी, म्हणून स्वप्नील स्वतः बहिणीला न्यायला देवपूरला आला. पुनम आत पिशवी भरत होती. तो फाटकाशी उभा होता. बारीक झाला होता. जितेंद्रने त्याला आत बोलावलं नाही, तोही आला नाही.

"तुम्हीपण चला, भाऊजी. आबांच्या नावाची घागर भरायची आहे."

"बघू."

स्वप्नीलने छोट्या गाडीच्या टपावर हात ठेवला. टपावर धूळ होती. "ही आता देऊन टाका. बदल्यात चांगली मिळेल. माझ्या ओळखीचा माणूस आहे."

"पुनमला माहीत आहे," जितेंद्र म्हणाला. "तू त्या दिवशी कुठे होतास ते."

त्याला वाटलं होतं, स्वप्नील चमकेल. स्वप्नील टपावर बोटाने रेघ ओढत राहिला.

"हो," तो म्हणाला. "मोतीलालशेठ येऊन गेले त्याच रात्री ती माझ्याशी बोलली. म्हणाली, कुणाला कळणार नाही, आईला तर नाहीच. आणि तिने तुम्हाला थांबवलं होतं, ते मीही कुणाला बोलणार नाही म्हणालो." बोटाची धूळ पुसत तो म्हणाला, "मला वाटलं होतं, गाठीन. खरंच वाटलं होतं हो. गाडी तशी आहे."

"म्हणजे तुमचं दोघांचं ठरलं."

"तुम्ही आमच्या घरचेच आहात, भाऊजी."

पुनम बाहेर आली. तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. गाडीत चढताना भावाने तिला हात दिला. काळी गाडी सुरू झाली आणि एका झेपेत कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. जितेंद्र घागर भरायला गेला नाही. संध्याकाळी त्याने दोन अंडी उकडून खाल्ली.

शाळेत तो आता पिकअपबद्दल विनोद करत नसे. एकदा नव्या आलेल्या सरांनी सहज विचारलं, "सर, तुमची गाडी कशी आहे हो? मी तीच घ्यायची म्हणतोय. हळू आहे म्हणतात. खरंच फरक पडतो का?" जितेंद्र वह्या तपासत होता. "माणसांवर आहे," तो म्हणाला आणि पुढची वही ओढली. त्या सरांना हे तिरसट वाटलं असावं. त्यांनी दुसरी गाडी घेतली.

पावसाळ्यात पुनमचा गुडघा धरला. पारोळ्याच्या स्टँडवर बसची पायरी चढताना ती एकदा पडता पडता वाचली. तिने सांगितलं नाही, गावचा एक माणूस होता त्याने सांगितलं. जितेंद्रने त्या रात्री पाठीवर पडून बराच विचार केला. खरं काय ते त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, स्वप्नीलला माहीत होतं. तिघांना माहीत असलेल्या खऱ्याने कुणाचाच गुडघा बरा होत नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "दसऱ्याला गाडी बदलू या."

पुनमने ताटातून मान वर केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "खरंच?"

"तू रंग सांग."

तिने पांढरा सांगितला. त्याने टर्बो इंजिनवाली घेतली. छोटी गाडी बदल्यात गेली. ती नेताना शोरूमच्या माणसाने म्हटलं, "फारच जपून वापरलीय, सर."

शोरूमचे लोक अभिनंदन करत होते. नातेवाइकांच्या फोनवरच्या ग्रुपवर फोटो गेला. 'आता बरं झालं,' कुणीतरी लिहिलं. खाली एकामागून एक हात जोडलेले, अंगठा दाखवलेले. एका काकांनी लिहिलं, 'देर आए दुरुस्त आए.' जितेंद्रने ते वाचलं. त्याच्या तेव्हा ध्यानात आलं की आपण सही करून दिली. इतके दिवस लोक म्हणत होते ते आज त्याने स्वतःच्या हाताने कबूल केलं होतं. ज्याची चूक नाही तो गाडी कशाला बदलेल?

दसऱ्यानंतरच्या रविवारी ते गावी गेले. पुनम पुढच्या सीटवर बसली आणि वाटेत दोनदा बोलली. सुंदरबाईने गाडीला कुंकू लावलं, नारळ ओवाळला. तिला भडगावला देवीच्या दर्शनाला जायचं होतं. ती पुढे बसली, पुनम मागे. गावाबाहेरच्या चढावर एक ट्रॅक्टर लागला. जितेंद्रने पाय दाबला. गाडीने क्षणभर दम घेतला आणि मग अशी झेपावली की ट्रॅक्टर होता की नव्हता असं झालं. सुंदरबाईने दाराची मूठ धरली, मग सोडली. पदर सारखा केला.

"पहिलेच लेवाले पाह्यजे व्हती, जवाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिने त्याला माफ केलं होतं.

आरशात पुनमचे डोळे त्याच्यावर होते.

"हो आई," जितेंद्र म्हणाला. "चुकलंच."

मागून पुनमचा हात त्याच्या खांद्यावर आला. कितीतरी महिन्यांनी. हलकेच दाबून तो तिथेच राहिला. पुढे वळण होतं. जितेंद्रने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि वळण घेताना खांदा काढून घेतला.